सोडलेला समुद्र

"आवडतं तेच सोडायचं हं, उत्तरा. नावडतं सोडून देवाला गंडवायचं नाही." आवाज सासूबाईंचा. काशीला घाटाच्या पायरीवर ओल्या लुगड्याचा पदर पिळता पिळता त्या बोलल्या होत्या, आणि नाव माझं घेतलं तरी बघत होत्या सासऱ्यांकडे. कारण पुरोहितांनी विचारल्याबरोबर सासऱ्यांनी मोठ्या तत्परतेने कारलं सोडलं होतं. "जन्मात कधी कारल्याला हात लावला नाहीत, आणि आता सोडताय होय?" "म्हणूनच निभेल," ते म्हणाले, आणि पुरोहितसुद्धा हसले. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेला देऊन यायची आणि पुन्हा ती जन्मात तोंडात घालायची नाही, एवढाच नियम. मी नवी सून होते. मी सीताफळ सोडलं. त्याचं आता काही वाटत नाही. इथे मयूर विहारच्या कोपऱ्यावर गाडीवाला आश्विनात सीताफळांची रास लावतो, मी त्याच्याकडूनच केळी घेऊन येते. सोडलेली वस्तू अशी असावी, शेजारून जाता यावं. हा आवाज परवा पुन्हा ऐकू आला तो मेट्रोत, कालिंदी कुंजच्या पुलावर. त्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते आणि माझ्या शेजारी यांचा श्वास जोरजोरात चालला होता.

आम्ही मुनिरकाला निघालो होतो, हे आणि मी. दीड वर्षापूर्वी यांना झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बाजू बरीचशी परत आली. बोलणं येतंय, पण एकेक शब्द, आडातून पोहरा ओढावा तसं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा मुनिरकाच्या एका लहानशा क्लिनिकमध्ये कृतिका म्हणून मुलगी आहे, तिच्याकडे जातो. बॉटनिकल गार्डनला गाडी बदलली की पुढे यमुना लागते. कार्तिक महिना, छठ जवळ आलेली. पुलावर गाडीचा वेग कमी झाला आणि डब्यातले सगळे एकदम एका बाजूच्या खिडक्यांकडे वळले, मोबाईल वर झाले. खाली नदीवर फेस होता. दरवर्षी असतो, पेपरात फोटो येतात, कारखान्यांचं आणि नाल्यांचं पाणी. मला सगळं माहीत आहे. पण तो पांढराशुभ्र होता, लाटेसारखा काठाला लागून वळलेला, आणि त्यात कमरेपर्यंत उभ्या राहिलेल्या दोन बाया सूप हातात धरून कशाची तरी तालीम करत होत्या. माझ्याजवळ उभी असलेली कॉलेजातली मुलगी हसून म्हणाली, "आंटी, देखिए तो, बिल्कुल समंदर लग रहा है ना?" मी चटकन मान फिरवली, डोळे मिटले. आणि हे, अपंगांच्या सीटवरून काठीच्या आधाराने अर्धे उठलेले, काचेला कपाळ लावून म्हणाले, "ने." मग पोहरा पुन्हा आत गेला, बराच वेळ वर येईना. "मला. ने."

त्या मुलीला वाटलं असेल, आंटीला चक्कर आली. तिने मला धरून बसवलं. गाडी कालकाजीच्या पुढे जमिनीखाली शिरली आणि बोगद्यातला तो घुमणारा आवाज सुरू झाला, जो मी एरवी ऐकून न ऐकल्यासारखा करते. तो आवाज कशाचा वाटतो ते मला स्वतःशीसुद्धा म्हणायचं नसतं. कुकरची शिट्टी सुटल्यावर मागे राहणारी वाफ, रात्रभर पुलावरून जाणाऱ्या ट्रकांची सलग गाज, खालच्या मजल्यावरचा कूलर, सगळे तोच एक आवाज काढतात आणि मी नामस्मरण जरा मोठ्याने करते. देवघरातला शंखसुद्धा मी दीड वर्ष जपून हाताळते आहे. रोज त्याला गंध-फूल वाहते, त्यातलं पाणी शिंपडते, पण पुसताना तो कानाच्या जवळपास येऊ देत नाही. या दिल्लीत समुद्र कुठून येणार, असं कोणी म्हणेल. समुद्र सोडायला ठिकाण म्हणून दिल्लीएवढी सोयीची जागा नाही, असंच मलाही वाटलं होतं.

आशय, आमचा मुलगा, सिडनीला असतो. निधीचं, त्याच्या बायकोचं, बाळंतपण करायला मी गेले आणि वर्षभर राहिले. यांची नोकरी संपत आलेली, मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते, म्हणून हे इथेच. उभ्या जन्मात मी यांना एक आठवडाही एकटं ठेवलेलं नव्हतं. चहा, डबा, रुमाल, रात्रीची गोळी, सगळं मी. आणि माझे नेम, ते तिकडे कसे सांभाळायचे? पण सगळं जमलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चातुर्मासाची गोपद्मं काढायचे, निधी बाळाला कडेवर घेऊन म्हणायची, "मम्मीजी, वो नीचेवाली लेडी पूछ रही थी कि ये किसके पैर हैं." मी म्हटलं, सांग गाईचे. "उसने पूछा गाय कहाँ है," आणि आम्ही दोघी हसत सुटलो. बाळाची अंघोळ, दूध झालं की ते झोपायचं आणि निधी म्हणायची, जा, फिरून या. तिनेच मला तिचे बूट दिले. पहिल्या दिवशी मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, तर तिथे रस्ता संपला होता आणि पुढे सगळं पाणी होतं.

ती वाट कशी होती ते मी आता सांगू नये. सोडलेल्या पदार्थाची चव सांगू नये तसंच. पण ती वाट येतेच. कड्याच्या कडेने चाललेली, कुठे लाकडी फळ्यांची, कुठे खडकात खोदलेल्या पायऱ्यांची. एका बाजूला पिवळसर दगड, वाऱ्याने पोखरून मधाच्या पोळ्यासारखा झालेला, दुसऱ्या बाजूला खाली लाटा. एक खाडी संपली की वळण, वळणापलीकडे दुसरी वाळू, त्यावर माणसं आडवी पडलेली, निवांत. पहिल्यांदा मी संकोचून मान खाली घालून चालायचे. मग कळलं, तिथे कोणीच कोणाकडे बघत नाही. एक म्हातारे गृहस्थ रोज तीन पायांचा काळा कुत्रा घेऊन यायचे, तो कुत्रा चार पायांच्या कुत्र्यांना मागे टाकून पळायचा. एका हिरव्या बाकावर बसून मी पाणी प्यायचे. पुढे कड्यावर मोठी दफनभूमी होती, पांढरे देवदूत समुद्राकडे तोंड करून उभे, आणि त्यांच्या खालून लोक घाम पुसत पळत जायचे, जसं काही सोसायटीचं गार्डन. मला आधी त्या जागेची भीती वाटली, मग वाटेनाशी झाली. तिथे पोचले की मी चपळ झालेली असायचे. चालताना माझे हात हलायचे. आमच्याकडे बाया हात हलवत चालत नाहीत, हातात पिशवी असते.

आणि त्याच वेळी इथे दिल्लीत पहाट असायची, हे उठून एकटेच चहा करायचे. मी चालता चालता फोन लावायचे. "गाळणं कुठे ठेवलंयस?" "हिंग कुठला, पिवळा का पांढरा?" "दूधवाल्याने आज परत टोण्ड दिलं." मी सांगायचे, मग म्हणायचे, ऐका, आणि फोन लाटांकडे धरायचे. हे ऑफिसच्या आवाजात म्हणायचे, "नोटेड. पुट अप करा." मी सांगत जायचे, आता जिना आला, आता बाक आला, तो बघा तुमचा कुत्रा. एकदा वारा इतका होता की माझी ओढणी उडून एका धावणाऱ्या माणसाच्या तोंडावर बसली, तो थांबला, ओढणी घडी करून मला दिली आणि वाकून नमस्कार केला, आणि मी फोन कानाला तसाच धरून इतकी हसले की हे घाबरून "अगं काय झालं, काय झालं" करत राहिले. मग म्हणाले, "मला कधी दाखवणार हे सगळं?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला. हाताला धरून नेईन, सगळ्या जिन्यांसकट. वचन." आणि लगेच, "बरं, ठेवते, चढ आलाय." चढ नव्हता. तिथे सपाट होतं, आणि पुढे फक्त निळं.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशीही बोलणं झालं होतं, काहीतरी मटकीला मोड येत नाहीत असं. फोन ठेवून हे दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडायला गेले आणि उंबऱ्यातच पडले. समोरचे दिनकरराव फिरायला निघत होते म्हणून निभावलं. मी दफनभूमीच्या खाली होते तेव्हा आशयचा फोन आला. तो "आई, घाबरू नकोस" म्हणाला, त्यावरून मला सगळं कळलं. पुढचं त्याचं बोलणं वाऱ्याने नेलं. खाली खडकात पोहायचा हौद होता, लाटा भिंतीवरून आत सांडणारा. मी बूट काढले, पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं. घरी संकल्प सोडताना पळीभर पाणी हातावरून ताम्हनात सोडतात. इथे ताम्हन समुद्रच, पाणीही समुद्रच. मला काशी आठवली. द्यायचं तर काय द्यायचं, त्याचा शोध घ्यावा लागला नाही. मी म्हटलं, यांना ठेव, हा मी सोडला. पाणी बोटांमधून गेलं, थंड, आणि ज्या लाटेतून घेतलं तिच्यातच मिसळलं. मग मी वर आले आणि वरच्या रस्त्याने, घरांच्या मागून, कचऱ्याच्या डब्यांच्या ओळीने परत गेले. विमानात आशयने खिडकीची जागा दिली होती, ती मी बदलून घेतली.

हे राहिले. डॉक्टरसुद्धा म्हणाले, चमत्कार आहे. मी कोणाला काही सांगितलं नाही. नेमाचं बोलून दाखवलं की त्याचं तेज जातं. पण नेम वाढत गेला, मी थांबवू शकले नाही. एकदा आमटीत मीठ घालताना हात अडखळला, हे कुठून येतं? त्या दिवसापासून घरात सैंधव आहे, बारा महिने. समोरची कुमुद, दिनकररावांची बायको, वाटीभर मीठ मागायला आली तेव्हा तो गुलाबी खडा बघून म्हणाली, "अगं बाई, तुमच्याकडे वर्षभर उपासच चाललाय का? विलासभावजींना भगरसुद्धा लागू केलीस की काय?" मी हसून टाळलं. कुमुद टळणारी नाही. "काहीतरी सोडलंयस तू. मी ओळखते. माझ्या आत्याने चहा सोडला होता, तिच्या तोंडावर असंच काहीतरी असायचं." मग नारळाकडे बोट करून म्हणाली, "हा पण किनाऱ्यावरचाच हं," आणि गेली. तिने सहज म्हटलं असेल. पण दोन दिवस मला नारळ फोडवेना.

आता आशय मागे लागला होता. डॉक्टरांनी विमानप्रवासाला हो म्हटलं होतं. "आई यार, प्रॉब्लेम काय आहे? बाबा स्वतः म्हणतायत. नातीला अजून हातात घेतलं नाही त्यांनी." मी दर वेळी काही ना काही काढायचे, चातुर्मास होऊ दे, थंडी होऊ दे. गुरुजींना फोन केला, नाव न सांगता, एका ओळखीच्या बाईंचं म्हणून. ते म्हणाले, असतो प्रत्याम्नाय, त्याऐवजी दुसरं काही सोडायचं, दान द्यायचं, भागतं. भागतं, हा शब्द मला लागला. मी एका जिवाच्या बदल्यात बोलले होते, आणि तो जीव समोर बसून चहात बिस्किट बुडवत होता. ते बिस्किट नीट तोंडापर्यंत पोचलं की मला दर वेळी वाटायचं, बघ, देवाने शब्द पाळलाय. आपण मोडला तर? तिथे, त्याच कड्यावर, यांचा पाय घसरला तर? हे माझ्या तोंडाकडे बघत आणि त्यांना वेगळंच दिसे. एकदा सोसायटीत फिरताना कोणी भेटलं म्हणून मी यांच्या दंडाखालचा हात काढून पदर सारखा केला, तेव्हा हे म्हणाले, "लाज." मला आधी कळलंच नाही. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "माझी. तुला."

परवा कृतिकाकडे पोचलो तेव्हा पुलावरचं ते "ने" आमच्या दोघांच्या मध्ये बसलेलं होतं. कृतिका चांगली मुलगी आहे. यांची हिंदी आणि इंग्रजी, ज्यांच्यावर सगळी नोकरी झाली, त्या आत कुठेतरी अडकल्या आहेत, येते ती मराठी, म्हणून मी बाजूला बसून तिला हिंदीत सांगते. त्या दिवशी ती म्हणाली, "अंकल, आज एक रास्ता बताइए. घर से मेट्रो स्टेशन. पहले क्या आता है, फिर क्या आता है." यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेट म्हणतील, भाजीवाला म्हणतील. हे म्हणाले, "जिना." बराच वेळ काही नाही. "खाली. मग... बाक. हिरवा." मी सांगितलं, सीढ़ी, फिर हरी बेंच. कृतिका लिहीत होती. "तू... पाणी पितेस." ते मी कृतिकाला सांगितलं नाही. "कुत्रा. काळा. एक पाय... नाही." कृतिकाने हसून वर पाहिलं. "अच्छा? स्टेशन के पास तीन टांग का कुत्ता है?" मी म्हटलं, हाँ, है. हे चालतच होते. वाळू म्हणाले. वळण म्हणाले, ते हाताने दाखवलं, डाव्या हाताने हवेत, आणि ते अगदी बरोबर होतं, तसंच आत घेतलेलं. पांढरे म्हणाले आणि खांद्यांमागे हात नेऊन पंख दाखवले. यांनी ती वाट कधी पाहिली नव्हती. वर्षभर रोज पहाटे गॅसजवळ उभं राहून, कानाला फोन लावून, दूध उतू जाऊ देऊन ती पाठ केलेली होती. आणि मग डोळे उघडून माझ्याकडे बघत, कुठेही न अडखळता म्हणाले, "तिथे तू हसतेस." थांबले. "इथे... नाही."

"आंटी? क्या बोल रहे हैं?" कृतिकाची पेन्सिल थांबली होती. मी म्हटलं, "कुछ नहीं बेटा. समुंदर का बोल रहे हैं."

क्लिनिकच्या बाहेर गल्लीत मुलं खोल्यांच्या जिन्यांवर बसून मॅगी खात होती. हे टपरीजवळच्या खुर्चीत दम घेत होते आणि मी उभी होते. मला वाटत होतं यांना समुद्र बघायचाय. यांना समुद्र नको होता. यांना ती बाई बघायची होती जी फोनमध्ये हसायची. मी इतके दिवस मनाशी धरून चालले होते की मी पाणी सोडलं, वाळू सोडली, वारा सोडला. पण मी का हसायचे तिथे? कारण यांचा आवाज तळहाताएवढा झालेला असायचा, हवा तेव्हा पर्समध्ये ठेवता येणारा. कारण कोणाचा चहा निवत नसायचा. हात मोकळे असायचे. त्या हौदाच्या पायरीवर ओंजळ भरताना मला ते माहीत होतं, हातांना माहीत होतं, म्हणूनच तर द्यायला दुसरं काही सुचलं नाही. आणि आता हे तेच मागत होते, तेच नेमकं. पण हे तिथे आले की यांचा दंड माझ्या हातात असणार, माझं लक्ष यांच्या पायाकडे, काठीकडे, ओल्या फळीकडे. ती बाई तिथे नसणार. यांना घेऊन जाणं म्हणजे तिला कायमचं देऊन टाकणं. मग मी नेम मोडणार होते की पुरा करणार होते? मला कळेना. मॅगीचा वास, गटाराचा वास, कोणाच्या तरी खोलीतून भजन. वरून विमान गेलं, अगदी कमी उंचीवरून, आणि त्याचा आवाज बराच वेळ गेला नाही.

परतीच्या गाडीत मी सांगून टाकलं. "अहो, मी समुद्र सोडलाय." यांनी भुवया वर केल्या. "तुम्ही दारात पडलात त्या दिवशी. तुमच्यासाठी. लाज बीज काही नाही." हे ऐकत होते. बोगद्यात आमची दोघांची तोंडं समोरच्या काळ्या काचेत दिसत होती, यांचं जरासं एका बाजूला ओघळलेलं. पुष्कळ स्टेशनं गेली. मग म्हणाले, "मला... विचारलं?" मी म्हटलं, नाही. "फाईल... कुणाची?" "तुमची." यांनी काठी दोन पायांमध्ये नीट उभी केली, खाकरले, आणि एकदम, आजारापूर्वीच्या आवाजात, मंत्रालयातल्या आवाजात म्हणाले, "कन्सर्न्ड पार्टी नॉट कन्सल्टेड." अख्खं वाक्य. समोरच्या माणसाने कानातली वायर काढून पाहिलं. मला हसू यायला हवं होतं, ते ओठांपर्यंत आलंही, आणि हे माझ्या ओठांकडेच बघत होते, म्हणून परत गेलं.

जसोला गेलं. गाडी उजेडात आली होती. कालिंदी कुंज सोडल्यावर लोक पुन्हा खिडक्यांकडे वळले तसा यांनी डावा हात उचलला. मला वाटलं, दांडा धरायचाय. तो हात माझ्या तोंडाजवळ आला आणि माझ्या डोळ्यांच्या आणि खिडकीच्या मध्ये उभा राहिला, घोड्याला झापड लावतात तसा. जड होतं त्यांना, खांद्याला रग लागत असणार. मी तो खाली घेतला नाही. बोटांच्या फटींमधून पांढरं दिसत होतं आणि त्यांच्या तळव्याला त्या क्लिनिकच्या साबणाचा वास येत होता. पूल संपला तरी हात तिथेच होता.

त्यानंतर यांनी समुद्राचं नाव काढलं नाही. रात्री आशयचा व्हिडिओ कॉल आला, नात स्क्रीनला ओठ लावत होती, यांनी तिला हात केला आणि आशयला म्हणाले, "नको. इथे... बरं." आशय मला म्हणाला, "आई, हे काय? परवापर्यंत तर बिल्कुल तयार होते." मी म्हटलं, बोलू मग. दुसऱ्या दिवशी सकाळी कृतिकाने दिलेले शब्द म्हणून घ्यायला बसले तर हे मान हलवून नाही म्हणाले. काय द्यायचं होतं ते देऊन झाल्यासारखे बाल्कनीत बसले. चहा घेतला, पेपरवर हात ठेवला, तो उघडला नाही. आणि घरात एक चमत्कारिक गोष्ट झाली होती, तो आवाज थांबला होता. कुकर नुसता कुकर वाजत होता. पुलावरचे ट्रक ट्रक होते. मी इतकं त्याच्यापासून पळत होते, आणि आता तो नव्हता तर घर असं झालं की एका खोलीत वाटी ठेवलेली दुसऱ्या खोलीत ऐकू यावी. दुपारी मी शंख पुसायला घेतला. बराच वेळ हातात धरून बसले. मग कानाला लावला. काही नव्हतं. माझंच रक्त असेल ते, जे काही होतं ते.

मी देवापुढे बसले, पण कौल लावला नाही, परवानगीही मागितली नाही. मी फक्त सांगून ठेवलं. दिलेलं मी परत मागत नाही, म्हटलं. हे चालतील, मी धरीन. मला त्यातलं काही नको. तुला यात मोडलेलं दिसलं तर माझ्याकडे बघ, यांच्याकडे नको. एवढं बोलून झालं तरी भीती गेली नाही, ती समईच्या काजळीसारखी वर धरलेलीच होती. तशीच उठून मी आशयला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत म्हणाला, "आई, सगळं ठीक?" "तिकिटं काढ," मी म्हटलं. "दोघांची. आणि त्या वाटेवर जिने फार आहेत, तर आधी इथे सवय करावी लागेल. माघात काढ." तो म्हणाला, "बाबा हो म्हणाले?" मी म्हटलं, "त्यांना विचारते आता."

विचारलं. यांनी डावा हात उचलून माझ्या डोळ्यांसमोर आडवा धरला, भुवया वर केल्या, म्हणजे आणि याचं काय? मी म्हटलं, "ते माझं मी बघते. तुम्ही पायांकडे बघा." यांना ते पटलं का नाही, मला कळलं नाही. पण सकाळी, माझं कार्तिकस्नान, तुळशीची पूजा आटोपून मी आले तेव्हा हे पलंगाच्या कडेला बूट पुढ्यात घेऊन बसलेले होते. मी खाली बसून नाड्या बांधल्या. कुमुद दारात दूध घेत होती, म्हणाली, "एवढ्या धुरक्यात कुठे निघाली स्वारी?" मी म्हटलं, "पुलापर्यंत." बाहेर सगळं राखाडी होतं, समोरचे टॉवर अर्धेच दिसत होते. मेट्रो स्टेशनच्या बाजूला रस्ता ओलांडायचा पादचारी पूल आहे, लोखंडी जिन्याचा. त्याच्या तळाशी आम्ही थांबलो. फिजिओने शिकवलं होतं, चढताना चांगला पाय आधी, सोबतीच्या माणसाने मागे राहायचं, कमरेच्या पट्ट्याला धरून. यांनी डाव्या हाताने कठडा धरला, वर बघितलं, जिना धुक्यात कुठेतरी जात होता. मी काठी काखेत घेतली, पदर खोचला आणि यांच्या मागे, एक पायरी खाली, उभी राहिले.

"डावा," मी म्हटलं.

यांनी डावा पाय उचलला.